बोर्डेनची जर्सी: टीव्हीवर पाहिलेल्या जागी जेवायला जायची दोन दिवसांची सहल

न्यू जर्सीत नवीन आलेल्या मराठी माणसाची पहिली दोन वर्षं साधारण एकाच रस्त्यावर जातात. घर, ऑफिस, ओक ट्री रोडवरची देशी दुकानं, शनिवारी कॉस्टको. कुणी पाहुणे आले की न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन. ज्या राज्यात आपण राहतो, भाडं भरतो, मुलं शाळेत घालतो, ते राज्य मात्र पाहायचं राहूनच जातं. माझंही तसंच झालं होतं. मग एका रात्री शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेनच्या 'पार्ट्स अननोन' या खाण्या-भटकण्याच्या टीव्ही मालिकेचा न्यू जर्सीवरचा भाग पाहिला आणि वाटलं, हा माणूस जगभर फिरून आपल्या घराजवळच्या टपरीत येऊन बसलाय, आणि आपण अजून तिथे गेलेलोच नाही.

बोर्डेनचा जन्म १९५६ चा, न्यूयॉर्कमधला, पण वाढला तो जर्सीतल्या लिओनिया गावात. लहानपणीच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या बार्नेगट लाइटच्या किनाऱ्यावर गेल्या. २०१५ साली सीएनएनवर दाखवलेल्या त्या भागात तो आपल्या आठवणीतल्या जागी परत जातो. धाकटा भाऊ ख्रिसही त्यात दिसतो. २०१८ च्या जूनमध्ये बोर्डेन वारला. त्यानंतर राज्याने टीव्हीवरच्या त्या भागात दिसलेल्या दहा जागांची मिळून 'अँथनी बोर्डेन फूड ट्रेल' जाहीर केली. त्यात हॉटडॉगची टपरी आहे, सँडविचचं दुकान आहे, जंगलातली एक खानावळ आहे, शंभर वर्षांहून जुनी दोन भारी रेस्टॉरंटं आहेत आणि गोळ्यांचं एक दुकानही आहे.

ही सहल मी तीनदा केली आहे. एकदा नवऱ्याबरोबर, एकदा मैत्रिणींबरोबर आणि एकदा भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन. खाली लिहिलंय ते त्या तिन्ही वेळच्या अनुभवातून. आधी एकच गोष्ट सांगते: दहाच्या दहा जागा करायच्या मागे लागू नका. पाच करा, प्रत्येक ठिकाणी अर्धं पोट जेवा आणि मधला रस्ता नीट बघा.

पायरी १: कोण काय खातं, हे घरीच ठरवा

हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण मराठी घरांत सहलीचा विचका बहुधा इथेच होतो. या यादीतले बरेचसे प्रसिद्ध पदार्थ बीफचे, पोर्कचे किंवा शिंपल्यांचे आहेत. चीजस्टेक म्हणजे पावात घातलेलं बीफ आणि चीज. सब म्हणजे लांब पावाचं सँडविच, त्यातलं हॅम, सलामी आणि पेपरोनी बहुतेक पोर्क. हॉटडॉगमध्ये काय आहे ते प्रत्येक ठिकाणी विचारायचं. बीफ असतं, पोर्क असतं, दोन्ही मिळूनही असतं. लाजायचं काहीच कारण नाही. "यात बीफ आहे का?" हा प्रश्न इथे रोज शंभर जण विचारतात.

शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, पण त्याने कुठे काय खायचं हे आधी ठरवलेलं हवं. न्याहारीच्या जागी अंडी, पॅनकेक, टोस्ट मिळतं. अटलांटिक सिटीत चीज पिझ्झा मिळतो. जंगलातल्या खानावळीत पाय (pie, म्हणजे फळांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) मिळतो. अंडंही न खाणारं कुणी असेल तर पाय आणि पॅनकेक दोन्हींबद्दल विचारा. तळलेल्या बटाट्यांबाबत एक प्रश्न जरूर विचारा: "हे त्याच तेलात तळता का?" लहान जागांमध्ये कढई बहुधा एकच असते.

आणि डबा घ्या. मी मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी आणि दही घेते. फक्त तो डबा गाडीत किंवा बाकावर उघडायचा, रेस्टॉरंटच्या टेबलावर नाही. आमची आई शाकाहारी. तिने कॅम्डेनला पोहोचायच्या आधी गाडीतच दोन ठेपले खाल्ले आणि मग आमच्याबरोबर आत येऊन निवांत बसली. उपाशी माणसाला दुसऱ्याचं जेवण बघत बसवू नये.

पायरी २: दिवस आणि ऋतू

मेच्या शेवटच्या सोमवारच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेपर्यंत जर्सीचा किनारा तुडुंब असतो. शुक्रवारी दुपारनंतर गार्डन स्टेट पार्कवेवर दक्षिणेकडे निघालात तर एका तासाच्या रस्त्याला अडीच तास लागू शकतात. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सगळ्यात छान. पाणी अजून कोमट, गर्दी ओसरलेली, बहुतेक दुकानं उघडी. जुलै-ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर पहाटे निघा. बदल्यात रस्त्याकडेच्या शेतकऱ्यांच्या दुकानांत जर्सीचे टोमॅटो आणि मक्याची कणसं मिळतील. ते टोमॅटो एकदा नुसते मीठ लावून खाऊन बघा.

वार मी शुक्रवार-शनिवार असा धरते. रविवारी यातल्या सगळ्या जागा उघड्या असतील असं मुळीच गृहीत धरू नका. पहिल्या वर्षी आम्ही हिवाळ्यात, रविवारी, काही न विचारता निघालो. दीड तास गाडी चालवून यादीतल्या एका ठिकाणी पोहोचलो तर दाराला कुलूप आणि आतल्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. नवरा बिचारा वाऱ्यात उभा राहून काचेतून आत बघत होता. तेव्हापासून नियम केलाय: आदल्या दिवशी प्रत्येक ठिकाणी फोन करायचा. नेटवरच्या वेळा जुन्या असतात. शिवाय अशा घरगुती जागांची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, मालक बदलतात, कधी दुकानच बंद होतं. फोनवर तीनच गोष्टी विचारा: उद्या उघडं आहे का, स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं, रोख पैसे लागतात का.

पायरी ३: गाडी आणि रस्ता

एडिसन हा मध्य धरला तर ॲस्बरी पार्क, वॉरन ग्रोव्ह, बार्नेगट लाइट, अटलांटिक सिटी, कॅम्डेन आणि परत एडिसन हे वर्तुळ साधारण पावणेतीनशे मैलांचं होतं. दोन दिवसांत आरामात बसतं. फोर्ट ली मात्र अगदी उत्तरेला, जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या तोंडाशी आहे. ते या वर्तुळात घुसडू नका, त्याला एक वेगळी संध्याकाळ द्या.

जर्सीत नवीन गाडी चालवणाऱ्यासाठी तीन गोष्टी. पेट्रोल इथे स्वतः भरायचं नाही. १९४९ पासूनचा कायदा आहे. गाडीत बसून राहा, माणूस येईल, त्याला "रेग्युलर, फुल" एवढं सांगा. दुसरी म्हणजे जगहँडल. कित्येक मोठ्या रस्त्यांवर डावीकडे वळायचं असेल तर आधी उजवीकडे बाहेर पडावं लागतं आणि वळसा घालून सिग्नलला आडवं यावं लागतं. 'सगळी वळणं उजव्या लेनमधून' अशी पाटी दिसली की डावी लेन सोडा. तिसरी म्हणजे ई-झीपास, टोल आपोआप कापून घेणारा पास. पार्कवे, अटलांटिक सिटी एक्सप्रेसवे आणि टर्नपाइक या तिन्हींवर टोल आहे, पास नसेल तर निघायच्या आठ-दहा दिवस आधीच मागवा.

जंगलातल्या टप्प्यासाठी फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा. तिथे रेंज जाते-येते.

पायरी ४: पहिली सकाळ, ॲस्बरी पार्क

सातला निघालात तर आठच्या आत फ्रँक्स डेलीत पोहोचता. मेन स्ट्रीटवरचं साधं दुकान. एका बाजूला काउंटर, दुसऱ्या बाजूला टेबलं, १९६० पासून चालू. सकाळी इथे कामावर निघालेले लोक असतात, म्युनिसिपालिटीच्या गणवेशातले, रंगाचे डाग पडलेल्या पँटमधले. कॅमेरा येऊन गेला म्हणून जागेचा तोरा वाढलेला नाही, आणि मला हेच फार आवडतं.

बोर्डेनने इथे खाल्लं ते सब: हॅम, सलामी, पेपरोनी, प्रोव्होलोन चीज, टोमॅटो, कांदा, बारीक चिरलेली लेट्यूस, भाजलेल्या मिरच्या, वरून तेल आणि व्हिनेगर. हे सँडविच ताबडतोब खायचं नसतं. कागदात गुंडाळून पाच-दहा मिनिटं ठेवलं की तेल-व्हिनेगर पावात मुरतं. शेव जरा भिजल्यावर मिसळ जशी जमून येते, तसंच. अर्धं इथे खा, अर्धं गाडीत ठेवा.

सकाळी दुसरा पर्याय म्हणजे पोर्क रोल (डुकराच्या प्रक्रिया केलेल्या मांसाचे काप), अंडं आणि चीज घातलेला गोल पाव. हा जर्सीचा वडापाव म्हणायला हरकत नाही. शाळकरी पोरापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळे खातात. ट्रेंटनच्या जॉन टेलर यांनी १८५६ मध्ये हे मांस पहिल्यांदा तयार केलं. १९०६ च्या शुद्ध अन्न कायद्यानंतर त्याला 'हॅम' म्हणता येईना, म्हणून नाव बदललं. पण उत्तर जर्सी अजून हट्टाने 'टेलर हॅम' म्हणते आणि दक्षिण जर्सी 'पोर्क रोल'. ॲस्बरी पार्क त्या सीमेवरच आहे. ऑफिसात सहकाऱ्यांना विचारून बघा, दहा मिनिटं गप्पा रंगतील.

आईने इथे अंड्याचं ऑम्लेट नको म्हणून टोस्ट आणि तळलेले बटाटे घेतले आणि चहा मागवला. चहा म्हणजे गरम पाण्याचा कप आणि बाजूला पुडी. पाहुण्यांना हे आधी सांगून ठेवा. नाहीतर थर्मासमध्ये आपला चहा असू द्या.

खाऊन झाल्यावर पाच मिनिटांवर समुद्र आहे. बोर्डवॉकवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर, चालायला पैसे लागत नाहीत, पण उन्हाळ्यात वाळूवर उतरायला बॅज विकत घ्यावा लागतो. भारतातून आलेल्या माणसाला समुद्राचं तिकीट ही कल्पना पचत नाही. बाबा तर वरच्या कठड्यावरच उभे राहिले.

पायरी ५: पाइन बॅरन्स

या सहलीतला माझा सगळ्यात लाडका टप्पा हा आहे, आणि तोच लोक गाळतात.

पार्कवेने दक्षिणेला एक्झिट ६३, तिथून ७२ नंबरच्या रस्त्याने पश्चिमेला आत, मग ५३९ ला वळायचं. वीस मिनिटांत दुकानं संपतात, घरं संपतात आणि दोन्ही बाजूंना फक्त पाइन लागतात. हा पाइन बॅरन्सचा प्रदेश, सुमारे अकरा लाख एकर, १९७८ पासून राष्ट्रीय राखीव क्षेत्र. अमेरिकेतल्या सगळ्यात दाट वस्तीच्या राज्याच्या पोटात एवढं मोठं रान आहे यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. माती पांढरी वाळू. वॉरन ग्रोव्हच्या आसपास तर पाइन इतके बुटके की काही ठिकाणी आपल्या डोक्याच्या वरही जात नाहीत. बाबांना वाटलं नवी लागवड आहे. ती जुनी झाडंच आहेत. या रानात वणवे सतत लागतात आणि या पाइनची बोंडं आगीच्या धगीनेच उघडतात, मग बी पडतं. गाडी बाजूला घेऊन एक बोंड हातात घेऊन बघा. खवले डिंकाने घट्ट चिकटलेले असतात, नखाने उघडत नाहीत.

याच रस्त्यावर लुसिल्स आहे. रस्त्याकडेची लहानशी खानावळ, बाहेर जर्सी डेव्हिलचा पुतळा. जर्सी डेव्हिल म्हणजे या रानातलं भूत: लीड्स नावाच्या घरातलं तेरावं मूल, पंख आणि खूर असलेलं, धुराड्यातून उडून गेलं अशी गोष्ट सांगतात. कोकणातल्या माणसाला देवचाराच्या गोष्टीसारखीच वाटेल, आणि रानही तसंच शांत आहे.

लुसिल्स सकाळ आणि दुपारची जागा आहे, रात्रीच्या जेवणाची नाही, साडेअकरा-बाराला पोहोचा. सूप घ्या, चिली, म्हणजे मांसाचा घट्ट मसालेदार रस्सा, घ्या (त्यात बीफ असतं, विचारा) आणि पाय सोडू नका. कोणते पाय आहेत ते वाढणाऱ्या बाईंना विचारा आणि त्या सांगतील तोच घ्या. ब्लूबेरीचा असेल तर नक्की. आज जगभर शेतात पिकते ती ब्लूबेरी याच पाइन बॅरन्समधली आहे. व्हाइट्सबॉग इथे एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी रानात हिंडणाऱ्या लोकांकडून चांगल्या झुडपांची माहिती जमवली, सरकारी वनस्पतीशास्त्रज्ञाबरोबर संकर केले आणि १९१६ मध्ये पहिलं विक्रीचं पीक काढलं. आंबट वाळूत गव्हाचं पीक येत नाही, पण या फळाला नेमकी तीच माती लागते.

आईने इथे पायचा एक तुकडा घेतला, अर्धा खाल्ला, आणि वाढणाऱ्या बाईंनी न विचारता उरलेला डब्यात घालून दिला. "रस्त्यात लागेल," एवढंच म्हणाल्या. आईला इंग्रजी कळलं नाही, पण हावभाव कळला. काउंटरवर बसायला जागा मिळाली तर काउंटरवरच बसा.

पायरी ६: बार्नेगट लाइट

परत ७२ वर येऊन पूर्वेला, पूल ओलांडून लाँग बीच आयलंडवर. बेट अठरा मैल लांब आणि रुंदीला इतकं कमी की मधल्या रस्त्यावरून दोन्हीकडचं पाणी लागून आहे. पूल उतरल्यावर डावीकडे, अगदी उत्तर टोकापर्यंत जा. वेगमर्यादा काटेकोर पाळा.

टोकाला 'ओल्ड बार्नी' हा १८५९ चा दीपस्तंभ आहे, वरपर्यंत २१७ पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं. खालच्या खडकांवरची वाटही सुरेख आहे, मासे पकडणारे बसलेले असतात. आधी चढून घ्या, मग खायला जा. उलटं केलंत तर शंभराव्या पायरीवर पस्तावाल.

मग कुबेल्स हे रेस्टॉरंट. इथे बोर्डेनच्या लहानपणाचा किनारा आहे आणि ताटात समुद्र. क्लॅम म्हणजे आपल्या तिसऱ्याच, जराशा मोठ्या जातीच्या. मालवण-रत्नागिरीकडच्या माणसाला इथे घरी आल्यासारखं वाटेल, फक्त खोबऱ्याचं वाटण नाही. तळलेल्या घ्या, किंवा चावडर, म्हणजे त्यांचं दाट सूप. चावडर दोन तऱ्हेचं असतं हे लक्षात ठेवा: पांढरं, दुधाचं, बोस्टनकडचं, आणि लाल, टोमॅटोचं, ज्याला मॅनहॅटन म्हणतात. मसाल्याची सवय असलेल्या जिभेला लाल जास्त जवळचं वाटतं. बाबांनी लाल चावडरमध्ये लिंबू पिळलं, वर टोबॅस्को हा तिखट सॉस घातला आणि मग मान हलवली.

शिंपल्यांची ॲलर्जी इथे पहिल्यांदाच कळेल अशी वेळ येऊ देऊ नका. ज्याने आयुष्यात कधी खाल्ले नाहीत त्याने आधी एकच खाऊन बघावा.

पायरी ७: रात्र, अटलांटिक सिटी

२०२२ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन अटलांटिक सिटीतच झालं होतं, त्यामुळे हे शहर बऱ्याच मराठी लोकांनी पाहिलंय, पण बहुतेकांनी कन्व्हेन्शन सेंटर ते हॉटेल एवढंच. आपण लहानपणी जो 'व्यापार' खेळलो, त्याच्या मूळ मोनोपोलीच्या पटावर जी रस्त्यांची नावं आहेत ती बहुतेक याच शहरातली. बाल्टिक ॲव्हेन्यूची पाटी बघून मुलं जाम खूष होतात.

राहायला कसिनोची हॉटेलं शनिवारपेक्षा शुक्रवारी आणि शुक्रवारपेक्षा गुरुवारी स्वस्त पडतात. खोली मागताना धूम्रपानरहित असं स्पष्ट सांगा. कसिनोच्या काही भागांत अजून सिगारेट चालते आणि वास वरपर्यंत येतो. लहान मुलांना घेऊन कसिनोच्या मजल्यावर रेंगाळता येत नाही.

जेवायला तीन जागा आहेत. डॉक्स ऑयस्टर हाउस १८९७ पासूनचं, डॉअर्टी कुटुंबाचं. ऑयस्टर म्हणजे कालवं. कच्ची, बर्फावर मांडलेली. ज्यांनी कोकणात खडकावरून फोडून खाल्ली आहेत त्यांनी इथे सहा मागवून दोन्हींची तुलना जरूर करावी. नाइफ अँड फोर्क १९१२ ची इमारत, ओल्ड अटलांटिक सिटीचा थाट, आता त्याच कुटुंबाकडे. दोन्ही महाग, दोन्हीकडे आधी टेबल राखून ठेवावं लागतं, कपडे जरा बरे घाला. लग्नाचा वाढदिवस असेल तर इथे जा.

आम्ही मात्र टोनीज बाल्टिमोर ग्रिलला जातो. १९२७ पासूनची जागा, अंधारे कोपरे, लाल बाकं, टेबलावर लहान ज्यूकबॉक्स, पातळ कुरकुरीत पिझ्झा. रात्री उशिरापर्यंत चालू. दिवसभर दुसऱ्यांच्या ताटाकडे बघितलेल्या शाकाहारी माणसाचा हा हक्काचा क्षण आहे. त्याच्यासाठी अख्खा चीज पिझ्झा मागवा, भाग पाडू नका.

टिपचं इथेच सांगते: टेबलावर वाढलं असेल तर १८ ते २० टक्के. नुसतं काउंटरवरून नेलं तर एक-दोन डॉलर पुरेत. बिलावर राज्याचा ६.६२५ टक्के कर आधीच असतो. टिप कराआधीच्या रकमेवर काढली तरी चालते.

सकाळी बोर्डवॉकवर चालून या आणि जेम्सच्या दुकानातून सॉल्ट वॉटर टॅफी घ्या. नाव खाऱ्या पाण्याचं असलं तरी समुद्राचं पाणी त्यात नसतं. साखर, कॉर्न सिरप, पाणी, मीठ, ओढून-ओढून मऊ केलेलं. अंड्याचा पांढरा भाग किंवा जिलेटिन काही प्रकारांत असू शकतं, पाकिटावर वाचा. भारतात न्यायला उत्तम, वितळत नाही. फक्त कवळी असलेल्या आजी-आजोबांना देऊ नका.

पायरी ८: कॅम्डेन

अटलांटिक सिटी एक्सप्रेसवेने तासाभरात कॅम्डेन. वाटेत हॅमंटन लागतं. जूनच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत तिथे ब्लूबेरी स्वतः तोडून घेता येते.

कॅम्डेनबद्दल लोक घाबरवतील. शहर गरीब आहे, गुन्हेगारीने पोळलेलं आहे. दिवसा जा, थेट पत्त्यावर गाडी लावा, सामान दिसेल असं ठेवू नका. पण याच शहरात कवी वॉल्ट व्हिटमन आयुष्याची शेवटची वर्षं राहिले, १८९२ मध्ये गेले आणि हार्ले स्मशानभूमीत त्यांनी स्वतः बांधून घेतलेल्या दगडी समाधीत आहेत. ती स्मशानभूमी डाँकीज प्लेसच्याच, म्हणजे आपण चीजस्टेक खायला जाणार त्या जागेच्याच, रस्त्यावर, हॅडन ॲव्हेन्यूवर आहे. आम्ही आधी तिथे गेलो. झाडी दाट, माणूस नाही, आणि दाराच्या कोनाड्यात कुणीतरी ठेवलेली पेन्सिल.

डाँकीज १९४३ मध्ये लिऑन ल्यूकस या मुष्टियोद्ध्याने सुरू केलं. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये तो लढला होता. ठोसा गाढवाच्या लाथेसारखा, म्हणून नाव पडलं डाँकी. पुलापलीकडे फिलाडेल्फिया आहे, जिला आपल्या चीजस्टेकचा अभिमान आहे. बोर्डेन इथे खाऊन म्हणाला की या परिसरातला सर्वोत्तम चीजस्टेक कदाचित न्यू जर्सीतच मिळतो. फिलाडेल्फियात असं मोठ्याने बोलू नका.

फरक कुठे आहे ते तव्याजवळ उभं राहून कळतं. फिलाडेल्फियात लांबोळा पाव, इथे खसखस लावलेला गोल पाव. तव्यावर कांद्याचा डोंगर असतो, पाणी सुटून, तपकिरी होऊन, गोडसर वास येईपर्यंत परतलेला. मांस त्या कांद्यावर, चीज मांसावर, आणि पाव वरून झाकण ठेवल्यासारखा, म्हणजे वाफेत तो मऊ होतो. मग एका उलथन्याने सगळं एकदम उचलतात. नवऱ्याने खाल्लं आणि बराच वेळ काही बोलला नाही. टेबलावरच्या तिखट मिरच्यांच्या बरणीतून आपल्या अंदाजाने घ्या, ती खरोखर तिखट आहे.

हा बार आहे. लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर फोनवर तेही विचारून ठेवा. बीफ न खाणाऱ्यांनी दुसरं काय मिळेल तेही तेव्हाच विचारा. इथून टर्नपाइकने तासाभरात एडिसन.

उरलेली संध्याकाळ: फोर्ट ली

हायरम्स १९३२ पासूनची टपरी. हॉटडॉग इथे उकडत नाहीत, तेलात तळतात; साल फुगते, तडकते आणि कुरकुरीत होते. बोर्डेन शेजारच्या लिओनियात वाढला, ही त्याची लहानपणापासूनची जागा. पुलाची गर्दी टाळायला आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दुपारी तीन-साडेतीनला जा. मागे लागून हडसनचा कडा आहे, तिथून मॅनहॅटन दिसतं.

सोबत बर्च बिअर मागवा. नाव बिअर असलं तरी दारू नाही, बर्चच्या सालीच्या चवीचा सोडा आहे. बाबांनी ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाले, "याला आयोडेक्सचा वास येतोय." खरंच येतो, विंटरग्रीनचं तेल दोन्हींतलं समान. त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा. ग्लास संपल्यावर स्वतः उठून खिडकीशी गेले आणि बोट दाखवून आणखी एक मागून आणला.